तीस सप्टेंबरचा पट

सुविधाने मुलं दुसऱ्यांदा मोजली. पहिल्यांदा एक्केचाळीस भरली होती. पाणी प्यायला गेलेलं एखादं परत येऊन दोनदा मोजलं गेलं असेल, म्हणून तिने वर्गाचं दार ओढून घेतलं आणि पुढच्या बाकापासून बोट फिरवत पुन्हा सुरुवात केली. एक्केचाळीसच. हातातल्या छापील तक्त्यावर ‘सरकारी प्राथमिक शाळा, पाळमळ, तालुका डिचोली’ यापुढे चौदा हा आकडा होता.

बीएस्सीच्या तीन वर्षांत ती एवढं शिकली होती की दोन मोजण्यांत थोडा फरक पडतोच. पण चौदाचे एक्केचाळीस होतात असा फरक तिने प्रयोगवहीत कधी लिहिला नव्हता.

“बाई, तुमच्या शाळेत मुलं किती?” तिने विचारलं.

मुख्याध्यापिका सुशीलाबाई हाताला लागलेला खडू पदराला पुसत म्हणाल्या, “कुठल्या वहीतली?”

सुविधाच्या तेव्हा लक्षात आलं. सकाळी प्रार्थना झाल्यावर बाईंनी हजेरी घेतली होती ती दोनदा. आधी सरकारी पुठ्ठ्याचा पट उघडून चौदा नावं घेतली, तो मिटला, मग कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली एक शंभरपानी वही काढली आणि त्यातली सत्तावीस नावं घेतली. मागच्या बाकांवरची मुलं पहिली हजेरी चालू असताना जनेलातून बाहेर बघत निवांत बसली होती. वही उघडल्यावर एकेक जण ताठ झाला होता.

हे सगळं जानेवारी दोन हजार दोनमधलं. सरकारी शाळांना संगणक द्यायची मोठी योजना निघाली होती आणि पणजीच्या योजना कक्षाने सुविधाला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली प्रत्येक शाळा डोळ्यांनी बघायची, खोली आहे का, दाराला कुलूप लागतं का, वीज आहे का, हे तक्त्यात भरायचं आणि खाली ‘प्रत्यक्ष पडताळणी केली’ म्हणून सही करायची. तक्त्यात विजेपुढे नुसतं ‘आहे’ आणि ‘नाही’ होतं. सुविधाला तेवढ्याने चैन पडेना. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिने स्वतःसाठी एक छोटा मीटर घेतला होता आणि प्रत्येक शाळेत ती वीज किती आहे तेही लिहून घेई. पाळमळला एकशे अडुसष्ट व्होल्ट भरले, कारण डोंगरापलीकडे खनिज धुण्याची यंत्रं चालू होती. एवढ्या विजेवर ट्यूबलाइटसुद्धा धड पेटत नव्हती. तक्त्याच्या भाषेत मात्र वीज होती.

“ही खाणीवर कामाला येणाऱ्यांची मुलं,” सुशीलाबाई वही पुढे सरकवत म्हणाल्या. “कोल्हापूरकडची, बेळगावकडची. पावसात खाणी बंद. दसरा झाला की ट्रक सुरू होतात, तशी माणसं येतात. मे संपला की परत जातात.”

“मग पटावर का नाहीत?”

“शाळा सोडल्याचा दाखला नसतो. गावाकडचा मास्तर देत नाही. मूल जूनमध्ये परत येणार, मग दाखला कशाला, असं म्हणतो. आणि दाखल्याशिवाय नाव घालायचं नाही, असा नियम. मी एकदा घातली होती गो. चौऱ्याण्णव साली. नऊ नावं. तपासणी झाली, मेमो आला. खुलासा मागितला, तो दिला. खुलाशाचं उत्तर म्हणून तेरेखोलला बदली. इथून तीन बस आणि वर फेरीबोट. तीन वर्षं काढली मी. तेव्हापासून ही वही वेगळी.”

“मग यांना शिकवता कशाला?”

हा प्रश्न सुविधाने कुतूहलाने विचारला होता, पण बाईंना तो लागला. “बाकावर येऊन बसलेल्या पोराला काय सांगू? तू नाहीस म्हणून?”

मागच्या बाकावरची एक मुलगी उठून मीटर बघायला आली होती. दोन घट्ट वेण्या, चौथीतली असावी. “ह्यात वीज दिसती व्हय?”

“किती आहे ते दिसतं. तुझं नाव काय?”

“पार्वती. गाव हणमाळ, गडहिंग्लजकडं. माझं नाव तिकडं हाय, आनि म्या हितं हाय,” तिने सांगितलं, जशी कुणी आपली वह्यांची पिशवी कुठे ठेवली आहे ते सांगावं तशी, आणि मीटरच्या काट्याकडे बघत राहिली.

सुविधाने तक्ता उलटला. पाठीमागे योजनेचे नियम इंग्रजीत छापले होते. मराठी शाळांच्या मास्तरांना ते वाचायला अर्धा दिवस लागे, आणि वाचून झाल्यावर ते तिलाच अर्थ विचारत. नियम क्रमांक चार असा होता : तीस सप्टेंबरच्या पटावर पंधरा किंवा जास्त मुलं असतील त्या शाळेला संगणक मिळतील. पंधरापेक्षा कमी असतील ती शाळा येत्या जूनपासून जवळच्या शाळेत विलीन होईल.

जवळची शाळा चार किलोमीटरवर होती आणि मधला रस्ता खनिजाच्या ट्रकांचा होता. त्या रस्त्यावरून येताना जीपचा ड्रायव्हर धाकू, हा पेडण्याचा, धुळीमुळे काचा वर करून घाम पुसत बसे.

“आमची चौदा पोहोचतील. त्यांना बापाच्या स्कूटरी आहेत,” सुशीलाबाई म्हणाल्या. “ही सत्तावीस घरी बसतील.”

परतताना धाकू आरशातून बघत म्हणाला, “बाये, ह्या शाळेत पोरां मोजूक लय जाण येवन गेले. पण दार बंद करून मोजणारी तू पयलीच.”

* * *

योजना कक्षाचे प्रमुख दत्तप्रसाद सर आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांचा आवाज मऊ होता, आणि सुविधाला पुढे वाटलं की तो कडक असता तर बरं झालं असतं.

“सर, पाळमळचा आकडा चुकलाय. चौदा नाहीत, एक्केचाळीस आहेत.”

“कधी मोजले?”

“काल. एकवीस जानेवारी.”

“मग तुमचाही बरोबर आणि आमचाही बरोबर. आपला तीस सप्टेंबरचा आहे.”

“सर, खाणीचा हंगामच दसऱ्यानंतर सुरू होतो. तिथे सप्टेंबरात मुलं मोजणं म्हणजे मे महिन्यात ओहोळ बघायचा आणि इथे पाणी नसतं असं लिहायचं.”

“सुविधाबाई, सगळ्या राज्याला एक तारीख ठेवावी लागते. नाहीतर प्रत्येक हेडमास्तर आपल्या सोयीचा दिवस सांगेल. तुम्ही सायन्सच्या, तुम्हाला हे कळायला हवं.”

यात तथ्य होतं, म्हणूनच सुविधाचा जास्त संताप झाला. “पेडण्यातल्या एका शाळेत कागदावर अडतीस आहेत. मी मोजली तर एकोणीस. त्या शाळेला सहा संगणक मिळणार?”

“तीस सप्टेंबरला अडतीस असतीलही.”

“कुठे गेली मग ती?”

“ते शेऱ्याच्या रकान्यात लिहा.” सरांनी टेबलावरची योजनेची पुस्तिका सरळ केली. एकशे बारा पानं, चकचकीत मुखपृष्ठ. सुविधाने ती दोनदा वाचली होती. टेबलं किती उंच, खुर्च्या कुठल्या रंगाच्या, धूळ बसू नये म्हणून संगणकांवर घालायचे प्लास्टिकचे बुरखे कसे शिवायचे, हे सगळं तीत होतं. प्रत्येक शाळा फोनच्या तारेने पणजीशी जोडली जाणार होती.

“सर, एक विचारू? हणमाळची मुलगी पाळमळला बसून शिकते, हे या पुस्तिकेतल्या कुठल्या पानामुळे कुणाला कळणार आहे? मूल जाईल तिथे त्याचं नाव जावं, एवढंसुद्धा हे संगणक करणार नसतील तर ते आणायचे कशाला?”

“तो दुसरा टप्पा.”

“आणि पहिल्या टप्प्यात काय?”

“टेबलं,” दत्तप्रसाद सर म्हणाले. ते हसले नाहीत. विनोद झाला हे त्यांना कळलंच नव्हतं. मग त्यांनी तिला समजावल्यासारखं सांगितलं, “तुम्हाला एवढी कळकळ आहे तर एक करा. मला सत्तावीस दाखले नकोत. एकच आणा. चौदा आणि एक पंधरा. एका नावाचा उशिरा दाखल म्हणून अपवाद मला करता येतो. शुक्रवारी चारला फाइल सचिवांकडे जाते, सोहळ्याची तारीख ठरली आहे. त्याआधी एक दाखला माझ्या टेबलावर ठेवा.”

मंगळवारची सकाळ होती.

* * *

पाळमळला खनिजाच्या ट्रकांच्या वजनकाट्याजवळ एक फोनचं बूथ होतं. हणमाळच्या शाळेत फोन नव्हता, पण समोरच्या किराणा दुकानात होता, आणि त्याचा नंबर पार्वतीच्या बापाने विडीच्या पाकिटावर लिहून ठेवला होता. दुकानदार म्हणाला, गुरुजींना बोलावतो, दहा मिनिटांनी करा. दहा मिनिटं सुविधा बूथच्या काचेवरची लाल धूळ बोटाने पुसत उभी राहिली. सुशीलाबाईंनी त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत पार्वतीलाही सोबत आणलं होतं. धाकू जीपला टेकून उंडो पाव खात होता.

“बोला, मी सदाशिव गुरुजी,” पलीकडून आवाज आला.

सुविधाने आपली ओळख सांगितली आणि विचारलं, “गुरुजी, तुमच्याकडे चौथीत पार्वती म्हणून मुलगी आहे ना?”

“हाय की. हुशार पोरगी.”

“येते का शाळेत?”

“रोज येते.”

“आज?”

“आजबी हजर हाय,” गुरुजी जराही न अडखळता म्हणाले.

सुविधाने पार्वतीकडे बघितलं. ती बूथच्या दाराशी उभी राहून पायाने खनिजाचा एक खडा उडवत होती. सुविधाने रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

“गुरुजी, म्या पार्वती.”

मग रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, “कुठनं बोलतीस गं?”

“गोव्यातनं.”

“बरी हाईस न्हवं? पाढे कुठवर आले?”

“एकोणतीसपत्तोर.”

“शाबास. फोन बाईंच्याकडं दे.”

आता झापायचं, असं सुविधाने ठरवलं होतं. हा एक माणूस तावडीत सापडला होता. “गुरुजी, मुलगी तीन महिने इथे आहे आणि तुम्ही तिची रोज हजेरी लावता?”

“लावतो.” गुरुजींनी नाकारलं नाही. “माझ्या पटावर एकवीस हायत. दिवाळीनंतर बाकावर धा उरतात. वीसच्या खाली पट गेला की दुसरा मास्तर काढून घेतात, मग चार वर्ग एका माणसाच्या गळ्यात. आनि ही पोरं जूनमध्ये परत येणार, माझ्याकडंच येणार. त्यांची नावं काढली तर कुठल्या शाळेत येतील?”

“आमच्या पटावर चौदाच आहेत, पंधरा झाली नाहीत तर शाळा जाईल. आम्हाला फक्त एक दाखला हवाय. एकच. पार्वतीचा.”

“एक दिला की वीस राहिले. आनि पार्वतीच्या बापानं मागितला म्हंटल्यावर दुसरे मागणार न्हाईत व्हय? तुमच्या चौदाला एक कमी पडतोय, बाई, माझ्या एकविसातनं एक जाऊ नये म्हणून मी बसलोय. आता तुमीच सांगा, मी कुणाची शाळा बुडवू?”

तिने फोन ठेवला. एवढा छान तापवलेला राग त्या माणसावर ओतायचा राहून गेला आणि तसाच उकळत तिच्याबरोबर परत आला. इकडे पंधराला एक कमी, तिकडे विसाला एक जादा, मध्ये एक मुलगी एकोणतीसचा पाढा पाठ करून उभी, आणि दोन्हीकडच्या कागदांनी तिची किंमत अशी केली होती की ती जिथे बसेल तिथे नसावी.

शाळेत परतल्यावर तिने सगळं सुशीलाबाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग कपाटातून सरकारी पट काढला, पेनाची टोपी उघडली आणि चौदाव्या नावाखाली पंधरा आकडा घालून पार्वतीचं नाव लिहिलं. दाखला क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं : ‘मिळाला नाही. मूल शाळेत आहे.’ मग सोळा.

“बाई, एक पुरे,” सुविधा घाईने म्हणाली. “तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. एवढ्या नावांचा मेमो आला तर...”

“एक कशाला? पंधरा व्हावेत म्हणून? बाकावर एक्केचाळीस आहेत.” बाईंचा हात थांबला नाही. “आठ वर्षं मी नियम पाळला, सुविधा. मला वाटायचं, मी खोटं काही लिहीत नाही ना, मग झालं. पण सत्तावीस पोरं समोर बसलेली आणि मी चौदावर सही करते, हे काय खरं लिहिणं झालं?”

धाकू दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “बाई, लिवतातच तर तारीख तीस सप्टेंबर घालात. कोण बघूक येता? एका फटक्यात काम फत्ते.”

सुविधाच्या मनात नेमकं हेच येऊन गेलं होतं. सप्टेंबरची तारीख पडली असती तर चौदाचे एक्केचाळीस नियमात बसले असते. आता तिला त्याची लाज वाटली.

सुशीलाबाईंनी चष्म्यावरून धाकूकडे बघितलं. “सप्टेंबरात ही होती कुठे, धाकू? गावाला. मग?” आणि प्रत्येक नावापुढे त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली. बावीस जानेवारी.

* * *

शुक्रवारी सकाळी टंकलिखित तक्ता सुविधापुढे आला. दोन्ही तालुक्यांच्या सगळ्या शाळा, प्रत्येकीपुढे पट, आणि शेवटी एक ओळ : ‘वरील माहितीची मी प्रत्यक्ष पडताळणी केली आहे.’ खाली तिच्या सहीची जागा. शाळा हिंडलेली ती एकटीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाची सही चालणार नव्हती.

सुविधाने पट्टी घेतली, तक्त्याच्या उजवीकडे एक रेघ मारली आणि नव्या रकान्याला नाव दिलं : ‘मी मोजले ती तारीख व संख्या’. पाळमळपुढे लिहिलं : ‘२१ जानेवारी, ४१’. पेडण्याच्या त्या शाळेपुढे एकोणीस. असं करत ती सगळ्या शाळांतून खाली आली. शेवटच्या ओळीत ‘वरील’ खोडून तिथे ‘शेवटच्या रकान्यातील’ लिहिलं आणि सही केली.

दत्तप्रसाद सरांनी कागद बघितला. “हे काय केलंत?”

“सही.”

“तक्ता खराब केलात.” त्यांनी टायपिस्टला दुसरी प्रत काढायला सांगितली. ती यायला तासभर लागला. सुविधाने पट्टी घेतली.

“सुविधाबाई, तुमचा करार मार्चमध्ये संपतोय. पुढच्या टप्प्यात माणसं लागणार आहेत.”

“हो सर,” ती म्हणाली आणि रेघ मारली. रेघ थोडी वाकडी गेली, म्हणून तिने ती खोडून पुन्हा सरळ मारली.

तिसरी प्रत अडीच वाजता आली आणि तिच्यावरही तोच रकाना पडला. आता सरांचा मऊपणा गेला. “तुम्हाला काय वाटतं, मला त्या मुलांचं काही नाही? मी सांगितलं होतं ना, एक दाखला आणा! तोही जमला नाही आणि आता मला नियम शिकवता?”

“सर, दाखला मागायचा तर दुसऱ्या एका शाळेचा मास्तर जातो. मी फोन केला होता. तुम्ही केला असतात तर तुम्हालाही कळलं असतं. ही योजना करायला दोन वर्षं लागली, एक फोन करायला तेरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावलं होतं.” तिचा आवाज चढला होता आणि बाहेरच्या टेबलांवरचे टाइपरायटर थांबले होते. “मी जे मोजलं त्यावर सही करीन. जे मोजलं नाही त्यावर करणार नाही. चौथी प्रत काढा, पाचवी काढा.”

पावणेचारला दत्तप्रसाद सरांनी तिसरीच प्रत हातात घेतली. तिच्या रकान्यावर त्यांनी काट मारली नाही. तळाला स्वतःच्या अक्षरात टीप घातली : ‘पाळमळ येथील पट हंगामानुसार बदलतो. विलीनीकरणाचा निर्णय पुढील जानेवारीतील मोजणीनंतर. तोवर संगणक नाहीत.’ पेडण्याच्या शाळेबद्दल कुठलीच टीप घातली नाही. कागद फाइलीत गेला.

* * *

मार्चमध्ये कराराचं पत्र आलं नाही. सुविधाने त्याची वाटही बघितली नव्हती. म्हापशाला एका खासगी क्लासमध्ये ती भौतिकशास्त्र शिकवायला लागली. त्याच आठवड्यात बस स्टँडवर धाकू भेटला. “बाये, पाळमळच्या बाईक मेमो इलो. तुका बोलवल्यान हा.”

मेमोत विचारलं होतं की दाखल्याविना सत्तावीस नावं पटावर घेण्याचं कारण काय. सुविधा सकाळच्या बसने शाळेत पोहोचली तेव्हा प्रार्थना नुकतीच संपत होती. टेबलावर मेमो होता आणि त्यावर वारा लागू नये म्हणून खडूंचं खोकं ठेवलं होतं.

“खुलासा आपण मग लिहू. तू मोजल्याचं सगळं त्यात घाल, तो मीटरसुद्धा घाल,” सुशीलाबाई म्हणाल्या. “तेरेखोलला पाठवतील तर पाठवू दे. फेरीवरचा मनीस ओळखीचा आहे माझ्या. आधी हजेरी.”

त्यांनी सरकारी पट उघडला. नावं पटावर चढली तरी मागच्या बाकांची हजेरी कालपर्यंत शंभरपानी वहीतूनच होत होती; आज ती वही टेबलावर नव्हती. चौदा नावं झाली, चौदा ‘हजर’ आले. बाईंनी पंधरावं नाव घेतलं.

“पार्वती.”

मागच्या बाकांवरची मुलं नेहमीसारखी जनेलातून बाहेर बघत होती. पहिला पट चालू होता. त्यांची वही अजून यायची होती.

सुशीलाबाईंनी टेबलावर पट्टी आपटली. “पार्वती! तुला बोलावते गो मी! कान कुठे ठेवलेस?”

पार्वती दचकून उठली. तिने आधी बाईंच्या हातातल्या पटाकडे बघितलं, मग शेजारणीकडे, आणि मग एवढ्या मोठ्याने “हजर!” म्हणाली की पुढच्या चौदाही माना मागे वळल्या.

“बस. आणि एवढं ओरडायला नको,” बाई म्हणाल्या, आणि सोळावं नाव घेतलं.